पिठावरची पावलं

माझा धाकटा भाऊ हायवेवरच्या अपघातात गेला. त्या रात्री घरच्यांनी रीतीप्रमाणे जमिनीवर तांदळाचं पीठ पसरलं, त्यात दिवा ठेवला आणि वर टोपली झाकली. गेलेलं माणूस परत येऊन जातं आणि पिठावर त्याचं पाऊल उमटतं, असं आमच्याकडे मानतात. सकाळी टोपली उचलली तर पीठ जसंच्या तसं होतं. म्हाताऱ्या बायका तरीही इथं बोट, तिथं टाच असं दाखवत राहिल्या. मला त्यांची चीड आली. आई त्या पिठाकडेच बघत होती.

यंदा एका दुपारी किन्हवलीच्या घरी मी टीव्हीवर भुताचा सिनेमा बघत बसलो होतो. आई शेजारी तांदूळ निवडत होती. सिनेमातल्या बाईचा मुलगा वारलेला असतो. एकदा घरातल्या फरशीवर त्याची ओली पावलं उमटत येतात आणि ती किंचाळत पळते.

आईचा हात सुपातच थांबला.

"वरडते कशाला ही? पोरगा आलाय ना तिचा."

मी रिमोट शोधायला लागलो.

"राहू दे," ती म्हणाली.

टीव्हीतली बाई आता खोलीत शिरून कडी लावत होती. शेजारणीला सांगावं तसं आई तिला हळूच म्हणाली, "दार नको लावू गो. आमच्याकडं तर आलाच नाय."