सासूबाई आणि सायकलचा हँगर

चाळिशी ओलांडल्यावर मी माउंटन बायकिंगच्या नादी लागले. तेव्हा आम्ही परदेशात, चोआ चू कांगला, एचडीबीच्या म्हणजे तिथल्या सरकारी घरांच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर राहत होतो. आठवडाभर ऑफिसात बसून कंबर आखडायची. म्हणून रविवारी उजाडताच सायकल घेऊन निघायचं, चेस्टनट पार्कच्या झाडीतल्या मातीच्या वाटांवर दोन फेऱ्या मारायच्या आणि ऊन तापायच्या आत परतायचं, असा नेमच झाला. नवऱ्याला यात अजिबात रस नव्हता. तो त्या वेळात झोपायचा.

त्या वर्षी सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. चिंचवडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात त्यांनी तीस वर्षं काढली होती. साडीवर निळा कोट घालून दिवसभर सुटे भाग मोजायचे आणि चुकीचा दिसला की बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतरही नजर तशीच होती. आमच्या भिंतीवरची चौकट तिरकी आहे, हे त्यांनी आल्या दिवशीच सांगितलं.

तर त्या रविवारी एका चढावर मी सगळ्यात हलका गिअर टाकला आणि मागून कडाड असा आवाज आला. पेडल अडकलं, चाक जागच्या जागी थांबलं. मी कशीबशी पाय टेकून उभी राहिले. पाहते तर चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा सांगाडा, म्हणजे डिरेलर, उपटून स्पोकमध्ये घुसलेला.

मागून माझ्या वडिलांच्या वयाचे एक चिनी गृहस्थ आले. उतरून, वाकून बघत म्हणाले, "आय्या, हँगर गॉन. स्पेअर हॅव?"

हँगर म्हणजे काय, हेच मला ठाऊक नव्हतं. त्यांनी सायकलचा मोडलेला, बोटाएवढा एक अॅल्युमिनियमचा तुकडा काढून तळहातावर ठेवला. डिरेलर फ्रेमला थेट लावलेला नसतो, तो या तुकड्याला लटकतो. त्यांच्या पिशवीत एक जादा हँगर होता, पण माझ्या सायकलला त्याची भोकं जुळेनात. "एव्हरी फ्रेम डिफरंट वन," ते म्हणाले. मग त्यांनी डिरेलर सोडवला, खिशातल्या हत्यारानं चेन तोडून आखूड केली आणि एकाच गिअरवर जोडून दिली. जाताना विचारलं, "बाइक फॉल डाउन बिफोर? राइट साइड?"

"नो, नो," मी ठासून सांगितलं. महिनाभरात मी एकदाही पडले नव्हते, याचा मला अभिमान होता.

चढावर ढकलत आणि सपाटीवर पेडल मारत घरी आले. सासूबाई गवार निवडत बसल्या होत्या. मी झाली ती हकिकत सांगितली आणि तुटका तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, तुकडा खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिला.

"हा तुटायच्या आधी वाकलेला होता," त्या म्हणाल्या. "पडली होती का सायकल?"

"नाही हो आई. मी एकदाही पाडली नाही."

त्यांनी तुकडा खाली ठेवला आणि पुन्हा गवार हातात घेतली. मग म्हणाल्या, "मी पाडली. बुधवारी. बाहेरचा पॅसेज पुसताना सरकवायला गेले, तर उजव्या अंगावर आडवी झाली. ओरखडा दिसला नाही, म्हणून बोलले नाही." गवार तशीच हातात धरून त्या पुढे म्हणाल्या, "तीस वर्षं मी कारखान्यातल्या पोरांना सांगत आले, माल हातून पडला तर लपवू नका. आणि मीच लपवला बघ."

खरं सांगते, क्षणभर मला राग आला. पण सकाळी निघाल्यापासून मागे टिकटिक होत होती आणि मीही ती कानाआड केली होती. ते मी त्यांना सांगितलं.

"म्हणजे दोघींचीही तपासणी नापास," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

संध्याकाळी त्या हट्टानं माझ्याबरोबर सायकलच्या दुकानात आल्या. दुकानदाराला इंग्रजी बेताचं, सासूबाईंना कारखान्यातलं. तरी दोघांचं छान जमलं.

"सॉफ्ट मटेरियल? व्हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"पर्पज, आंटी. दिस वन ब्रेक, फ्रेम नो ब्रेक."

सासूबाईंचा चेहरा खुलला. "अगं, आमच्या मशिनला पिन असायची तशी! जोर जास्त झाला की पिन तुटायची, मशीन वाचायचं. तुटण्यासाठीच केलेला आहे हा."

दुकानदारानं खण उघडला. त्यात असे कितीतरी तुकडे होते. एक काढून तो म्हणाला, "सेम." सासूबाईंनी जुना आणि नवा एकमेकांवर धरून दिव्याकडे पाहिलं. "नॉट सेम. होल डाउन. हाफ मिलिमीटर." त्यानं कॅलिपर लावून मोजलं, आणि मग त्यांच्यासाठी स्टूल पुढे केलं. त्यानं बरोबरचा मागवला. आठवड्यानं दोन आले. एक बसवला, दुसरा माझ्या पिशवीत गेला. त्याच्याबरोबर स्क्रूची चावी, चेन तोडायचं हत्यार आणि चेन जोडायची एक कडी.

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी सासूबाई पाटावर सायकलच्या मागे बसायच्या आणि मला शेजारी बसवायच्या. "डिरेलरची दोन्ही छोटी चाकं वरच्या दातेरी चाकाच्या रेषेत दिसतात का बघ. आत झुकली असतील तर हलका गिअर टाकायचाच नाही, स्पोकमध्ये जाईल." सुरुवातीला मला सगळं सारखंच दिसायचं. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी झुकाव त्यांच्या आधी माझ्या डोळ्यांनी पकडला, म्हणजे त्यांनी काही म्हणायच्या आत मी बोलले. त्या नुसत्या "हं" म्हणाल्या. तपासणी विभागात बहुधा हीच शाबासकी असावी.

त्या पुण्याला परत गेल्यानंतर काही महिन्यांनी वाटेवरची एक वाळकी काटकी माझ्या चेनमध्ये ओढली गेली आणि हँगर पुन्हा तुटला. या वेळी मी सायकल उलटी केली, झाडाखाली बसले आणि नवा तुकडा स्वतः बसवला. अर्धा तास लागला, हात काळे झाले, डास चावले. घरी येऊन सासूबाईंना फोन केला. त्यांनी आधी मला कुठे लागलं का ते विचारलं, मग स्क्रू किती आवळला ते. मी चहा घेत घेत सगळं सविस्तर सांगितलं. नवरा तेवढ्यात उठून आला आणि कुणाशी एवढ्या गप्पा चालल्यात, असं विचारू लागला.