मोठ्या बाईंनी घेतलेली शाल

मोठ्या बाईंच्या खांद्यावर मी उभ्या आयुष्यात एकदाच शाल पाहिली, आणि ती एक शाल आमच्या शाळेला भोवली. इंदुरात राहून शालीपासून लांब राहणं सोपं नाही. इथल्या मराठी माणसाला सत्काराला निमित्त लागत नाही. कोणी निवृत्त झालं, कोणाचा मुलगा अमेरिकेला गेला, कोणी नुसतंच पंच्याहत्तरीला पोचलं तरी शाल-श्रीफळ ठरलेलं. बाई नेमक्या त्या वेळी उठून पाणी प्यायला जायच्या. एकदा इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी शाल घरी नेऊन दिली, तर बाईंनी ती कापून तिची बस्करं शिवली आणि थंडीत पहिलीच्या पोरांना फरशीवर बसायला दिली. "अंगावर शाल पडली की माणसाचं तोंड बंद होतं," असं त्या म्हणायच्या. आम्हाला तो त्यांचा विक्षिप्तपणा वाटायचा.

बाई बडा गणपतीच्या मागच्या गल्लीतल्या, नगर निगमाच्या, म्हणजे महापालिकेच्या, मराठी प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका. मी तिथेच शिकलो. पुढे नोकरीला लागलो, डोक्यावरचे केस गेले, तरी बाईंनी हाक मारली की माझे हात आपोआप मागे बांधले जायचे. त्या निवृत्त झाल्या आणि निगमाने त्यांच्या जागी कोणाला पाठवलंच नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळी शाळेत हजर झाल्या. पगार नाही, सहीचा अधिकार नाही. विचारलं तर म्हणायच्या, "कुलूप लावायला कोणी आलं नाही, म्हणजे शाळा चालू आहे."

दर उन्हाळ्यात त्या पोरं मागायला घरोघर हिंडायच्या. डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली आणि तोंडात तेच वाक्य: "घरात सहा वर्षांचं कोणी आहे का?" आपल्या लोकांकडे त्यांना खुर्ची मिळायची, चिवडा मिळायचा, पन्हं मिळायचं. पोर कोणी दिलं नाही. एका सूनबाईने तर मोठ्या प्रेमाने सांगितलं होतं, "बाई, पिंकूला इंग्लिश मीडियममध्ये घातला ना, पण घरी आम्ही मराठीच बोलतो, पक्का." पिंकू तेव्हा आतून आजीला हिंदीत पाणी मागत होता. बाईंनी पन्हं संपवलं, पेला स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि बाहेर आल्या. शेवटी त्यांच्या वर्गात बसली ती शिंप्याची, हातगाडीवाल्याची आणि दारोदार भांडी घासणाऱ्या बायकांची मुलं. त्यातली निम्मी माळवी बोलायची. बाईंच्या हाताखाली वर्षभरात ती असं स्वच्छ मराठी वाचायची की ऐकून मंडळाच्या लोकांचे डोळे भरून यायचे. डोळे भरायला काही लागत नाही.

पट कमी म्हणून शाळा शेजारच्या हिंदी शाळेत मिळवून टाकायचं घाटतंय, अशी कुणकुण लागली तेव्हा बाईंनी मला बोलावलं आणि आम्ही मंडळाच्या अध्यक्षांकडे, तात्यांकडे गेलो. तात्या ट्रेझरीतून निवृत्त झालेले. त्यांचे पणजोबा होळकर सरकारच्या पदरी होते, आणि हे त्यांनी सांगितलं नाही असा दिवस जायचा नाही. निगमाची एकच समिती लोकांच्या तीन गोष्टी ऐकून घ्यायची: शाळा, संग्रहालयं आणि स्मारकं. तिच्यापुढे आम्ही गेलो. बाईंनी उभं राहून, दोन वाक्यांत मागणी मांडली: शाळा याच इमारतीत चालू राहावी आणि मराठीचा एक शिक्षक द्यावा. समितीच्या अध्यक्षजींनी त्यांच्या भावनेचा आदर केला. सकारात्मक विचार करू म्हणाले. त्यापलीकडे एक शब्द त्यांनी दिला नव्हता.

बाहेर जिन्यावरच तात्यांनी जाहीर केलं की अध्यक्षजींचा सत्कार करायचा. बाई म्हणाल्या, आधी हुकूम हातात येऊ द्या. तात्यांना हे पटेना. दरबारात रिकाम्या हाताने जायचं नाही, आधी नजराणा आणि मग अर्ज, हे त्यांच्या रक्तातच होतं. सरकारं जाऊन इतकी वर्षं झाली, आमच्या कमरेतला वाक काही गेला नाही.

"बाई, आपली पद्धत आहे ना ती," तात्या म्हणाले. "चार लोकांत मान दिला की माणूस मागे नाही हटू शकत. आणि तुम्ही मंचावर नाही आल्या तर अध्यक्षजींना बुरं वाटेल. मग शाळा गेली तर तुमच्या जिदीपायी गेली, असं होईल."

बाई जिना उतरून खाली आल्या. मग मला म्हणाल्या, "रविवारी रिक्षा बघ."

लालबागच्या मैदानावर मंडळाचा मेळा भरला होता. एकीकडे पुरणपोळ्या, दुसरीकडे साबुदाण्याची खिचडी, मध्ये मंच. तात्यांनी पगडी घालून अध्यक्षजींना शाल पांघरली आणि माइकवर शाळा वाचवल्याबद्दल त्यांचे आभारसुद्धा मानून टाकले. अध्यक्षजी हसले, आभार त्यांनी परत केले नाहीत. मग त्यांनी दुसरी शाल उचलून बाईंच्या खांद्यावर घातली. बाई ताठ उभ्या होत्या. हात जोडून त्यांनी नमस्कार केला, खाली उतरल्या आणि घरी पोचेपर्यंत ती शाल काढली नाही. मला त्यांचा राग आला होता. तात्यांचा आला असता तर बरं झालं असतं, पण तात्यांचा राग येऊन उपयोग नसतो, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

दुसऱ्या दिवशी पेपरात शाल घेऊन हात जोडलेल्या बाईंचा फोटो आला. त्यानंतर काही आठवड्यांनी निर्णय झाला. मुलं हिंदी शाळेत जाणार, आणि रिकाम्या इमारतीत 'नगरातील मराठी शिक्षणाचा वारसा' दाखवणारं संग्रहालय होणार. या वेळी बाई मंडळाशिवायच समितीपुढे गेल्या. मी बरोबर होतो म्हणून सांगतो, अध्यक्षजी एक शब्द वाकडा बोलले नाहीत. त्यांनी मोबाइलवर तो फोटो काढून बाईंपुढे धरला.

"बाईजी, आपने तो सबके सामने धन्यवाद दे दिया था. अब शिकायत लेकर आएंगी तो अच्छा लगेगा?"

मंडळाने निषेध करावा म्हणून मी चार जणांना फोन केले. ज्याला कालपरवा शाल-नारळ दिला त्याचा निषेध कसा करायचा, हा सगळ्यांचा प्रश्न. तात्यांनी तर तोवर पणजोबांची पगडी आणि तलवार संग्रहालयाला देऊन टाकली होती. वारसा जपला जातोय, आणखी काय पाहिजे, असं ते म्हणाले, आणि मला वाटतं ते मनापासूनच म्हणाले. शाळा मिळाली नाही याचं दुःख त्यांना नव्हतंच. त्यांना काचेचं कपाट मिळालं होतं.

शाळेचा शेवटचा दिवस शेवटचा आहे हे कोणी कळवलं नाही. बाईंनी नेहमीप्रमाणे फळ्यावर उद्याचा अभ्यास लिहून दिला: नऊचा पाढा पाठ करणे, आणि 'माझी आई' यावर पाच ओळी. सकाळी गेल्या तर दाराला निगमाचं कुलूप. पोरं वह्या घेऊन पायरीवर बसली होती. बाईंनी तिथेच उभ्या उभ्या पाढा म्हणून घेतला, वह्या पाहिल्या, आणि मग एकेकाला हाताला धरून हिंदी शाळेत पोचवून आल्या. त्या दिवशी त्या घरी येऊन जेवल्या नाहीत, असं त्यांच्या शेजारणीने मला सांगितलं.

संग्रहालयाच्या उद्घाटनाला त्या गेल्या नाहीत. पुढे एकदा मला म्हणाल्या, चल बघून येऊ. दारात तिकीट काढून आम्ही आत गेलो. वर्गात त्यांनी प्लास्टरची मुलं बसवली होती, गोरीगोमटी, टोप्या घातलेली. शिंप्याचं पोर एकही नव्हतं. पुढे फळा, भोवती दोरी, आणि फळ्यावर बाईंच्या अक्षरात तोच अभ्यास. बाई थोडा वेळ पाहत राहिल्या. मग दोरीखालून वाकून पलीकडे गेल्या आणि पदराने फळा पुसायला लागल्या. पहारेकरी धावत आला, मैडम, हाथ मत लगाइए म्हणू लागला. बाईंचा हात थांबला नाही.

"मीच लिहिलंय, मीच पुसते," त्या म्हणाल्या. "उद्या काढून घेतलात ना पोरांचा? मग उद्याचा अभ्यास कशाला ठेवता?"

पूर्ण पुसून झाल्यावरच त्या बाहेर आल्या. पायरीवर त्यांना धाप लागली. मी पाणी दिलं. म्हणाल्या, "शाळा मेली असं सांगितलं असतं तर रडून मोकळी झाले असते रे." मी त्यांना रडताना तेवढं एकदाच पाहिलं.

त्याच थंडीत बाई गेल्या. स्मशानात मंडळाचे सगळे होते. तात्या माझा हात धरून हुंदके देत होते. बाईंचं नाव त्या वर्गाला द्यावं अशी मागणी मंडळाने केली, आणि समितीने ती पहिल्याच बैठकीत, एकमताने मंजूर केली. शाळेसाठी एक शिक्षक मागितला होता तेव्हा समितीकडे पैसे नव्हते. नावाच्या पाटीला पितळ आलं.

पाटी लावली त्या दिवशी मी गेलो होतो. भाषणं चालली होती म्हणून मी आत वर्गात शिरलो. फळ्यावर नऊचा पाढा होता, 'माझी आई' होतं, पाच ओळी होत्या. अक्षर थेट बाईंचं. जुन्या फोटोवरून पेंटरने उतरवलं होतं. मी जवळ जाऊन हात लावला. बोटाला खडू लागला नाही. मागे तोच पहारेकरी येऊन उभा राहिला, या वेळी रागावला नव्हता.

"ऑइल पेंट है भिया," तो समजावून सांगत म्हणाला. "अब कोई नहीं मिटा सकता."