आबांची गाडी आणि बिबड्यांचा डबा

आमच्या गल्लीत किस्से उन्हाळ्यातल्या पापडांसारखे पडतात. एक वाळत नाही तोवर दुसरा गच्चीवर! त्यात माझं घरातच पार्लर. खुर्चीतल्या बाईला हलता येत नाही आणि मला गप्प बसवत नाही. त्यामुळे धुळ्यातल्या निम्म्या बायकांना हे पाठ आहेत. आता तुम्ही ऐका.

सुरुवात झाली माझ्या मल्हारपासून. तीन वर्षं सरली तरी पोरगं बोलेना. 'पाणी' आणि 'नाही', संपला कारभार! कान तपासले, चांगले निघाले. डॉक्टरांनी विचारलं, "मोबाइल किती बघतो?"

मी म्हटलं, "फक्त जेवताना."

मागून माझे सासरे, आबा, म्हणाले, "डॉक्टर, पण तो दिवसभर जेवतो!"

मला धरणीमाय पोटात घेईल तर बरं असं झालं. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "घरातल्या सगळ्यांचे फोन बाजूला ठेवा, त्याच्याशी बोला. उन्हाळ्याची सुट्टी संपली की घेऊन या. तोवर फरक नाही पडला तर पुढच्या तपासण्या करू." त्या 'पुढच्या तपासण्या' काही माझ्या डोक्यातून जाईनात.

*

आबा म्हणजे रिटायर्ड एसटी कंडक्टर. त्यांनीच कायदा काढला. संध्याकाळी सात ते नऊ गल्लीतल्या आमच्या तिन्ही घरांचे फोन शेजारच्या सुलूअक्कांच्या स्टीलच्या डब्यात. नुसते पोरांचे नाहीत, मोठ्यांचेसुद्धा! आबा डबा घेऊन दारोदार फिरायचे, "चला, पुढे सरका! कोणी राहिलंय का?"

पहिल्या दिवशी अक्कांनी निमूटपणे फोन टाकला. आबांनी तो उलटापालटा केला. जुना, बटणांचा, बॅटरीच नसलेला.

"अक्का, यामा जीव शे का?"

अक्का म्हणाल्या, "तुम्ही फोन म्हणालात. जिवंत पाहिजे, असं कुठं म्हणालात?"

खरा फोन पदराखाली मालिका दाखवत होता. आवाजावरून पकडला गेला.

*

फोन गेले, पण पोरांचं करायचं काय? आबांनी आमच्या ओट्याचीच गाडी केली. धुळे–शिरपूर! पायऱ्या म्हणजे सीटा. पलीकडच्या नसीमभाभींची झोया, दुसरीतली, ती ड्रायव्हर. आबा कंडक्टर. 'टिंग' म्हटलं की थांबायचं, 'टिंग टिंग' म्हटलं की निघायचं. सोनगीर, नरडाणा, सगळे थांबे ओरडून सांगायचे. मल्हार शेवटच्या पायरीवर बसायचा. टुकूटुकू बघायचा, बोलायचा काही नाही.

एकदा नसीमभाभी झोयाला जेवायला बोलवायला आल्या. झोया म्हणाली, "अम्मी, चालती गाडी में से उतरते नहीं! खाना इधर ला!"

मग सगळ्यांचीच ताटं ओट्यावर आली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. आणि मल्हारनं बघता बघता अर्धी भाकरी खाल्ली. समोर फोन नाही, कार्टून नाही, काही नाही! माझे डोळे भरून आले.

आबा ओरडले, "शेवटच्या सीटवरच्या बाई, रडायचं असेल तर फुल तिकीट लागेल!"

*

झोया कायद्याची फारच पक्की निघाली. एका नवरीचं फेशियल चालू होतं माझ्याकडे. सात वाजले. झोयानं डबा पुढे केला आणि नवरीचाही फोन जमा करून घेतला. माझे हात लेपात होते, अडवणार कशी?

नवरदेव धरणगावचा, त्या दिवशी बस्त्यासाठी धुळ्यात आलेला. फोन लावतोय, लावतोय, ही उचलेना! घाबरला बिचारा. मुलीचं मन फिरलं वाटतं, म्हणून पत्ता काढत थेट माझ्या दारात. समोर नवरी, चेहऱ्यावर हिरवागार लेप, डोळ्यांवर काकडी.

नवरदेव मला हळूच म्हणाला, "ताई, लग्न तर करणारच आहे. फक्त ही तीच आहे ना, तेवढं सांगा!"

*

आणि मग ते डब्याचं प्रकरण. अक्कांची लेक शिरपूरला दिलेली. दरवर्षी तिच्यासाठी बिबडे जातात, म्हणजे आपले ज्वारीचे पापड. एका शनिवारी सात वाजून गेल्यावर जावई आले, घाईत होते. अक्कांकडे समोर दिसला तो डबा उचलला आणि निघून गेले.

नऊ वाजता आबांनी फोनचा डबा उघडला. आत बिबडे! अक्कांकडे एकसारखे दोन डबे, हे तोवर कोणालाच माहीत नव्हतं.

आता कळवायचं कसं? सगळे फोन डब्यात, डबा शिरपूरच्या वाटेवर! शेवटी नसीमभाभींचे मिस्टर दुकानातून आले, त्यांचा फोन मिळाला. अक्कांना लेकीचा नंबर तोंडपाठ. पलीकडून लेक किंचाळली, "माय व, तुना बिबडा वाजी ऱ्हायनात!" आत सगळ्यांचे फोन खणखणत होते.

*

दुसऱ्या दिवशी रविवार. डबा आणायला मी, आबा आणि मल्हार एसटीनं शिरपूरला गेलो. सोमवारी डॉक्टरांची तारीख. सुट्टी संपली होती आणि पोरगं अजून 'पाणी' आणि 'नाही'वरच होतं. जीव नुसता टांगणीला! परतताना डबा मांडीवर घेऊन विचार करता करता माझा डोळा लागला.

सोनगीरला गाडी थांबली. कंडक्टर म्हणाला, "लगेच निघायचंय, कोणी उतरू नका." हे वाक्य आबांनी स्वतः आयुष्यभर म्हटलेलं! पण स्टँडवर त्यांना जुना ड्रायव्हर दोस्त दिसला, आणि आबा उतरले. कंडक्टरनं डबल बेल मारली. गाडी हलली.

आणि माझ्या कानाशी कोणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडलं, "टिंग! टिंग टिंग नाही, थांबा! मना आबा राही गया!"

मी दचकून उठले. मल्हार सीटवर उभा होता, लालबुंद. करकचून ब्रेक लागला. माझ्या मांडीवरचा डबा घरंगळत पार पुढे गेला. तो उचलायचं मला सुचलंच नाही.

आबा धावत आले. एक चप्पल पायात, एक हातात. कंडक्टर खवळला, "ओ आबा, या वयात चालत्या गाडीशी खेळता? लहान पोराला कळतं, तुम्हाला कळत नाही?"

आबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दारातच उभे, डोळ्यांतून पाणी. सगळी गाडी खोळंबलेली.

"मल्हार, काय म्हणालास रे? परत म्हण ना, बेटा!"

मल्हारनं आजोबांना नीट वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाला,

"पुढे सरका! टिंग टिंग!"

आणि ड्रायव्हरनं खरंच गाडी काढली.