सुमंगलाकाकीची फांत

केबलवाल्याच्या नशिबात मान नसतो. सिग्नल आला तर देवाची कृपा, गेला तर गौरेशचा नालायकपणा. गोव्यातल्या सर्वण गावच्या आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, पंचवीस वर्षं मी हेच ऐकत आलोय. त्यामुळे पौषातल्या एका सकाळी सुमंगलाकाकी फाटकातून आत येताना दिसली, तेव्हा मी आधीच कपाळाला आठ्या घालून बसलो.

"गौरेश, माका एक लिस्ट होई," ती म्हणाली.

"कसली?"

"खंयची सिरियल दुसऱ्या दिसा कितक्या वाजता परत लागता, ती. सात ते धा मधली सगळी लिही. आणि अक्षर बरां काढ. माका चार घरांनी दाखवची असा."

काकी म्हणजे माझ्या सख्ख्या चुलत्याची, गोकुळदासकाकांची बायको. वय एकसष्ट. माहेर पेडण्याकडचं. काका खाणीवर ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्यावर काका ओसरीवरच्या कदेलावर, म्हणजे खुर्चीत, बसले ते बसलेच. काकी मात्र तेव्हापासून मळ्यातली तांबडी भाजी आणि मुळे टोपलीत भरून रोज सकाळी डिचोलीच्या बाजारात नेते. बाजारात तिच्याशी घासाघीस करायला कोणी धजावत नाही. मीसुद्धा नाही, आणि मी तर घरचा.

तिची खरी ओळख मात्र मांडावरची. पौषात आमच्याकडे बायकांचे धालो असतात. वाड्याच्या मधोमध शेणाने सारवलेली मोकळी जागा, तो मांड. जेवणं लवकर उरकून बायका तिथे जमतात आणि एकमेकींच्या पाठीवर हात टाकून दोन ओळींत समोरासमोर उभ्या राहतात. त्या ओळीला फांत म्हणायचं. एक फांत पुढे येते, गाण्यातून विचारते आणि मागे जाते. मग दुसरी पुढे येते आणि उत्तर देते. असे पाच दिवस. पुरुषाने मांडावर पाय ठेवायचा नाही, रस्त्यावरून काय ते बघायचं. चाळीस वर्षं उत्तर देणाऱ्या फांतीत पहिली उभी राहते ती सुमंगलाकाकी. तिला सगळं पाठ, आणि इतरांना ते तिच्या मागोमाग येतं. हीच पुढे अडचण झाली, पण ते नंतर सांगतो.

गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी मांडावर नऊच बायका आल्या होत्या. बाकीच्या घरी साडेआठची सिरियल बघत होत्या. तिच्यातली सून तीन महिने कोमात होती आणि नेमकी त्या दिवशी तिने बोट हलवलं. त्यावरून यंदा देवस्थान समितीचा अध्यक्ष विठ्ठल याने बैठकीत सांगून टाकलं, एका फांतीत निदान सहा बायका हव्यात. पाचांतला एक दिवस जरी दोन फांती भरल्या नाहीत, तर पुढच्या वर्षापासून मांड बंद. त्याऐवजी जत्रेला स्टेजवर वीस मिनिटांचा कार्यक्रम ठेवायचा. सगळ्यांना एकसारख्या साड्या, माइक, आणि चॅनेलवाले शूटिंगला येतील. विठ्ठल माणूस वाईट नाही. त्याला सगळं आटोपशीर लागतं, एवढंच.

काकी त्या बैठकीत एकच वाक्य बोलली होती. "स्टेजार आमी विचारतलो कोणाक? समोर तर नुसत्यो खुर्च्यो."

आता ती माझ्यासमोर लिस्ट मागत उभी होती. मी लिहायला बसलो, पण जीभ आवरेना. म्हटलं, "काकी, लिस्ट कशाला? सगळ्यांना सरळ सांग, टीव्ही वाईट, बंद करा."

"वायट कित्याक? माका आवडता मरे टीव्ही," ती माझ्याच अंगावर आली. "ह्या वाड्यार पयलो टीव्ही कोणाच्या घरान आयलो? आमच्या. बायलांक त्याच्या मुखार बसूक मियांच शिकयलां."

हे खरं होतं. काकांनी खाणीच्या बोनसात तो टीव्ही घेतला तेव्हा मी चड्डीत होतो. रविवारी संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर चाळीसजण मावायचे. काकी चहा करायची, कोणी पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, उंडे आणायचं. पडद्यावर हिरॉइन रडली की शेजारची पद्मावतीकाकू मोठ्याने विचारायची, "आता गे हिचा कसां जातलां?" आणि ओसरीच्या दुसऱ्या टोकाहून कोणीतरी उत्तर द्यायचं. टीव्हीने माणसं घरात कोंडली, हे भाषण मी अनेक सत्कारांत ऐकलंय. मला ते पटत नाही. टीव्ही एक होता तोवर तो वाड्याचा होता. घरोघरी झाला तेव्हा तो एकेका घराचा झाला, आणि घरोघरी तार ओढली ती मी. आता तर एका घरात चार मोबाइल आणि चार तोंडं चार दिशांना. तिथे माझ्या केबलचंही कोणाला पडलेलं नाही. तेव्हा दोष द्यायचाच तर आधी माझ्यापासून सुरुवात करावी लागेल.

लिस्ट घेऊन काकी दोन दिवस घरोघर फिरली. तिचं म्हणणं साधं होतं. "तुजी सिरियल फाल्यां दुपारी एक वाजता परत लागता. मांड परत लागना." भाजीचा भाव सांगावा तशी सांगायची आणि उत्तराची वाट बघत दारात उभी राहायची. उत्तर मिळाल्याशिवाय हलायचीच नाही. चौदा बायकांनी हो म्हटलं. पद्मावतीकाकूंची सून सुविधा तेवढी म्हणाली, "माका ती गाणी येणत नाय, काकी. थंय उबी रावन करू काय?" काकीने तिच्याही घरात लिस्टची नक्कल ठेवली.

आता माझी अक्कल ऐका. मला वाटलं, चौदाजणी हो म्हणाल्या, त्यातल्या सात ऐनवेळी फिरणार. साडेआठ वाजले की बायकांचे पाय जड होतात, हे केबलवाल्याला नाही कळणार तर कोणाला? काकी मानी आहे, केबल बंद कर असं ती तोंडाने म्हणणार नाही, पण मनात तिला तेच हवं असणार. आमच्या वाड्याची लाइन माझ्या घरातल्या यंत्रावरून जाते. पहिल्या दिवशी आठला पाच कमी असताना मी बटण दाबलं आणि सबंध वाड्याचे टीव्ही काळे केले. मग शहाण्यासारखा रस्त्यावर जाऊन उभा राहिलो, आता बायकांची रांग लागणार म्हणून.

रांग लागली, पण उलट्या दिशेने. बायका घराबाहेर पडल्या आणि देवळापलीकडच्या वाड्याकडे चालू लागल्या, तिथे डिश आहेत म्हणून. एकीला अडवून विचारलं तर ती वैतागून म्हणाली, "अरे, केबलच गेल्या. फाल्यां एक वाजता येतली ह्याचो भरवसो काय? आजच बघूक होयो." काकी दोन दिवस घरोघर फिरून उद्याचा भरवसा वाटत होती. तो मी एका बटणाने पुसून टाकला. यंत्राकडे धावलो, पण बंद झालेली लाइन परत धरायला पाऊण तास घेते. तोवर सगळं हातचं गेलं होतं.

मांडावर काकी धरून सातजणी होत्या. विठ्ठल रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसला होता. त्याने बोटाने मोजलं आणि हळूच मान हलवली. तेव्हा काकीने साही बायकांना विचारणाऱ्या फांतीत उभं केलं. आणि समोर, जिथे दुसरी फांत असते, तिथे ती एकटी जाऊन उभी राहिली. पाठीवर हात टाकायला कोणी नव्हतं, म्हणून तिने दोन्ही हात कमरेवर घेतले.

साही जणी पुढे आल्या, विचारून मागे गेल्या. काकी एकटी पुढे आली, उत्तर देऊन मागे गेली. परत त्या, परत ती. कुठलंही गाणं तिने तोडलं नाही, एकही ओळ गाळली नाही. अर्ध्या तासाने तिचा आवाज घोगरा झाला, तासाने फाटला. पुढे तो नुसता खरखरत होता, पण उत्तर येत होतं.

विठ्ठल उठून म्हणाला, "काकी, पुरे. ही खंयची फांत? एकटी बायल!"

"मांडार माथी मोजनत नाय रे विठ्ठल," ती उभ्याउभ्या म्हणाली. "जाप येता काय नाय, तितक्यां आयक."

जाप म्हणजे उत्तर. विठ्ठल खाली बसला आणि निकाल उद्यावर ढकलला. मला तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं होतं. माझ्या गुन्ह्याची शिक्षा ती भोगत होती, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं.

सकाळी मी तिच्या घरी जाऊन सगळं कबूल केलं. ती भाजीच्या जुड्या बांधत होती. आवाज जवळजवळ गेलाच होता, त्यामुळे शिव्या कुजबुजून द्याव्या लागत होत्या. कुजबुजलेल्या शिव्या जास्त लागतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"तू माज्या बायलांक फटवलंस," ती म्हणाली. "काळोख करून भायर हाडलेली बायल माका नाका. ती मांडार उबी रवतली, पण जाप दिवची नाय." मग जुडी खाली ठेवून उठली. "चल. ज्या ज्या घरान लिस्ट दिल्या, त्या त्या घरान तुवें सांगूक होयां."

त्या सकाळी ती बाजारात गेली नाही. मळ्यातली भाजी तशीच राहिली. आम्ही घरोघर गेलो. ती दारात मुकाट उभी राहायची आणि मी सांगायचो, "काल केबल मीच बंद केली होती. आज दुपारी एकला कालचा भाग लागेल. नाही लागला तर माझ्या दारात येऊन काय वाटेल ते बोला." बोलणाऱ्यांनी एक वाजेपर्यंत वाट बघितली नाही. पद्मावतीकाकूंनी तर माझ्या तीन पिढ्यांचा उद्धार केला. काकी ऐकत होती. माझी बाजू घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही. सुविधा मात्र जनेलाच्या गजांतून बघत गालातल्या गालात हसत होती.

दुपारी एक वाजता मी यंत्रासमोर हात जोडून बसलो होतो. वीज गेली नाही. वाड्यातल्या सगळ्या घरांतून त्या कोमातल्या सुनेचा आवाज एकदम ऐकू आला. मला ती सून कधीच आवडली नव्हती. त्या दिवशी आवडली.

रात्री आठला मांडावर बायका येऊ लागल्या. दोघी आल्या, मग तिघी, मग देवळाच्या बाजूने एक घोळकाच आला. विठ्ठल मोजत होता. सोळा झाल्या, आठ आणि आठ. रस्त्यावरून मी सुटकेचा श्वास सोडला, आणि मग लक्षात आलं, माणसं भरली पण आवाज नाही. काकीच्या गळ्यातून आता खरखरसुद्धा येत नव्हती. आणि तिच्या फांतीतल्या सगळ्यांना गाणं तिच्या मागोमागच येत होतं.

समोरची फांत पुढे आली, विचारलं, मागे गेली. काकीने पाऊल पुढे टाकलं, तोंड उघडलं. काहीच आलं नाही. शेजारणी तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. विठ्ठल खुर्चीत पुढे सरकला. काल एकटीने उत्तर दिलं होतं, आज आठजणींत एकही उत्तर नव्हतं.

तेवढ्यात फांतीच्या शेवटच्या टोकाकडून एक बारीक आवाज आला. बिचकत आला, पण शब्द बरोबर होते, चालही बरोबर. मान लांब करून बघितलं तर सुविधा. पहिली ओळ तिने एकटीने म्हटली. दुसऱ्या ओळीला शेजारीण मिळाली, तिसऱ्या ओळीला सगळ्याच.

फांत मागे आली तेव्हा काकीने तिच्याकडे नुसतं बघितलं. खाणाखुणांनीच विचारलं, तुला कसं येतं? सुविधा कानकोंडी झाली. तिचं घर मांडासमोरच. "काल केबल नव्हती, म्हणून जनेलार बसलंय," ती म्हणाली. "तुमी एकट्यो गायतास ता मोबाइलार रेकॉर्ड करून दवरलां. आज सकाळसून तीन-चार फावट बघितलां."

"मांड परत लागना," असं काकी दोन दिवस दारोदार सांगत फिरली होती, आणि इथे तो मोबाइलवर परत लागला होता. आता ती यावर काय करते, हे सगळ्या बायका बघत होत्या. विचारणारी फांत पुन्हा पुढे आली होती, विचारून मागे जात होती. उत्तराची वेळ झाली.

काकी आपली जागा सोडून फांतीच्या टोकापर्यंत चालत गेली. सुविधाच्या दंडाला धरून तिने तिला ओढत पुढे आणलं आणि चाळीस वर्षं जिथे ती स्वतः उभी राहत आली त्या पहिल्या जागी उभं केलं. आपण तिच्या शेजारी दुसरी उभी राहिली, तिच्या पाठीवर हात टाकला आणि त्याच हाताने तिला पुढे ढकललं.

सुविधाने उत्तर दिलं. काकीचे ओठ हलत होते, पाऊल बरोबर पडत होतं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि शेजारी विठ्ठलने मोजणारा हात केव्हाच खिशात घातला होता.