कोरड्या घराची पाहणी

आमचा नळ कोर्टात होता, तेव्हाची ही गोष्ट.

गल्ली रीतसर नाही, असं कारण सांगून आमचे सगळ्यांचे नळ तोडले होते. लातूरचं ऊन, आणि पाणी आणायचं हायवेपलीकडच्या बोअरवरून. आईचे गुडघे तर पार गेले होते. शेवटी गल्लीने दावा ठोकला. घरं खरोखर कोरडी आहेत का, हे बघायला कोर्टाने एक वकीलबाई पाठवायच्या ठरवल्या. पाहणी आमच्या घरी, कारण गल्लीतला एकमेव बी.ए. मी. (नापास, पण ते गल्लीला माहीत नव्हतं.)

मी घरी बजावलं, "घागरी पालथ्या घाला. बाईंला पाणी विचारायचं न्हाई. आपल्याकडं पाणीच न्हाई, हे दिसलं पाहिजे."

आई म्हणाली, "दारात आलेल्या माणसाला पाणी न्हाई विचारायचं? लोक तोंडात शेण घालतील."

"माय, एक दिवस कळ काढ. न्हाईतर केस जाईल."

वकीलबाई भर दुपारी आल्या. पालथ्या घागरी बघितल्या, लिहून घेतलं. तोडलेला नळ बघितला, लिहून घेतलं. सगळं छान चाललं होतं. मग त्यांनी पदराने घाम पुसला, आणि जन्माची सवय, मीच बोलून गेलो, "माय, पाणी आण की बाईंला!"

आई वाटच बघत होती. बाजेखालून काठोकाठ भरलेली कळशी निघाली. (ती लपवली होती माझ्यापासून, कोर्टापासून नव्हे.) आमच्यात कमी पडू नये म्हणून शेजारीण तिची कळशी घेऊन आली. मग समोरची. गल्लीच्या अब्रूचा प्रश्न होता. चहा झाला, सरबत झालं. कुणीतरी पाय धुवायला बादलीही ठेवली.

अहवालात आलं : घरात पाणी मुबलक.

तारखेला आईला कोर्टात उभं केलं. जजसाहेबांनी आईला विचारलं, "एवढं पाणी आलं कुठून?"

"गल्लीनं आपापलं दिलं, साहेब. त्या सांजंला कुणाच्याच घरी डाळ शिजली न्हाई. पर पाहुण्याला कोरडं कसं धाडावं?"

साहेबांनी अहवाल बाजूला ठेवला आणि नळ जोडायचा हुकूम दिला. मला तिथेच रडू आलं.

नळ खरंच जोडला का, हे बघायला वकीलबाई पुन्हा आल्या. या वेळी मी पुरता शहाणा झालो होतो. बाईंनी घाम पुसला, दोनदा घसा खाकरला. मी दात आवळून ढिम्म. शेवटी धो धो वाहणाऱ्या नळापाशी बसलेली आई ओरडली, "आरं बी.ए., आता तरी पाणी विचार की त्यान्ला!"