आत्याकडे ठेवलेली पाल

आमच्या घरात थापाडी म्हणून मी प्रसिद्ध होते. शाळेतून उशिरा आले की आई आधी माझं तोंड बघायची, मग घड्याळ. बाबांचं तसं नव्हतं. बाबा म्हणाले म्हणजे ते खरंच, त्यात बघायचं काय! म्हणूनच त्या पालीच्या प्रकरणात मी इतकी सहज फसले. आज पन्नाशी उलटली तरी ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. आम्ही बोरिवलीला, पूर्वेला, जंगलाच्या अंगाला राहायचो. बिल्डिंगच्या मागूनच डोंगर सुरू व्हायचा, त्यामुळे घरात नको ते पाहुणे यायचे. ही पालही तशीच आली. ट्यूबलाइटमागे असतात त्या पालींच्या दुप्पट मोठी, अंगभर काळे ठिपके, डोकं रुंद. गॅलरीत कुंडीमागे आईला दिसली आणि आईने झाडू उचलला. मी मध्ये पडले. फटका शेपटीवर बसला, शेपटी तुटून स्वतःच वळवळायला लागली आणि जिला वाचवायला गेले तीच पाल मला कडकडून चावली. आईने मला आधी डोक्यावरून आंघोळ करायला पिटाळलं. पालीचं काय करायचं ते नंतर.

नंतर मी ऐकते कशाला? मासे मेल्यापासून काचेची टाकी गॅलरीत रिकामीच होती. तिच्यात दगड, झाडाची साल घालून मी पालीला ठेवलं आणि वर जाळी बांधली. आईने एकच अट घातली, तिला नाव द्यायचं नाही. नाव दिलं की जनावर घरातलं होतं आणि मग ते घालवता येत नाही, असं तिचं म्हणणं. मी नाव दिलं नाही. तिला ‘ती’च म्हणायचे.

ती महा खवट होती. टाकीजवळ गेलं की तोंडाचा आ करून अंग फुगवायची, फुसफुसायची, हात आत गेला की झेप घ्यायची. मी चिमट्याने झुरळ धरून द्यायचे तर झुरळ सोडून चिमट्याला चावायची. ताई म्हणायची, “तुझीच बहीण शोभते.” ताई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, गोरी, शांत, आणि घरात तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. त्यामुळे तिला सगळे जपायचे.

माझ्या बाजूने एकटे बाबा होते. त्यांनी लहानपणी गावाला एक मारकी गाय वठणीवर आणली होती, निदान ते तसं सांगायचे. ते म्हणाले, “तू तिला पकडायला जातेस, तिथेच चुकतं. हात नुसता आत ठेव आणि गप्प बस. काही मागू नकोस तिच्याकडे. आपण फसवणार नाही हे जनावराला कळायला वेळ लागतो.” मग रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर चहाचा कप घेऊन ते गॅलरीत स्टुलावर बसायचे आणि मी टाकीत हात घालून बसायचे. गुरुवारी शेजाऱ्यांकडे टीव्हीवर छायागीत लागायचं, बिल्डिंगमधली सगळी पोरं तिकडे पळायची. मी नाही गेले. हाताला मुंग्या यायच्या, ती चावायची, मी हात काढायला लागले की बाबा हळूच म्हणायचे, “थांब गं. जरा थांब.”

आधी तिने चावणं सोडलं. मग फुसफुसणं. काचेवर मी पाणी शिंपडलं की माझ्यासमोरच चाटून प्यायला लागली. आणि एका संध्याकाळी, तोवर तुटक्या शेपटीच्या जागी नवी बोंडासारखी शेपटी आली होती, ती माझ्या बोटावर चढली. थंडगार पोट आणि चिकटणारे पाय. मनगटाशी येऊन थांबली, जिभेने स्वतःचा डोळा पुसला आणि तिथेच बसली. मी बाबांकडे बघितलं. त्यांच्या हातातला चहा निवून गेला होता. मला वाटलं, जगात आता माझं काही वाईट होऊ शकत नाही. मग हळूहळू ती बाबांच्या हातावरही जायला लागली.

ताईचं एक स्थळ जमत आलं. मुलाकडची माणसं बोलणी करायला आमच्याकडे आली. मुलाचे मामा पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाले, “आमचं घर साधं आहे. तुमची मुलगी सुखात राहील.” तेवढ्यात गॅलरीतून ती चुकचुकली. तिचा आवाजही तिच्या अंगासारखाच दणदणीत. बोलता बोलता पाल चुकचुकली की आमच्याकडे बोटाने टकटक करत ‘कृष्ण कृष्ण’ म्हणतात. सगळ्यांनी खुर्च्यांवर टकटक केलं. मामांनी पुन्हा सुरुवात केली, ती पुन्हा चुकचुकली. पुन्हा टकटक. मुलाच्या आईचा चेहरा उतरला. ताई रडायच्या बेतात. मला वाटलं, आता कोणीतरी या लोकांना सांगायला हवं.

“मनावर घेऊ नका हो,” मी म्हटलं, “ती शकुनाची पाल नाही, आमची पाळलेली आहे. हातावरसुद्धा येते.” आणि त्यांची खात्री पटावी म्हणून मी तिला मनगटावर घेऊन बाहेर आले. मुलाच्या आईने दोन्ही पाय दिवाणावर घेतले.

दोन दिवसांनी मध्यस्थाकरवी निरोप आला. मुलगी पसंत, पण साखरपुड्याआधी ते जनावर घरातून गेलं पाहिजे. ताई उशीत तोंड खुपसून रडली. आई माझ्याशी बोलेना. मी टाकीपाशी ठाण मांडून बसले, म्हटलं, हात तर लावून दाखवा.

तेव्हा बाबा येऊन बसले. “लग्न होईपर्यंत पार्ल्याला आत्याकडे ठेवू,” ते म्हणाले. “मग तू स्वतः जाऊन घेऊन ये.”

“आत्या? ती तर पाल दिसली की बाथरूममध्ये पाऊल टाकत नाही.”

“मी समजावलंय तिला. माझ्यावर विश्वास आहे ना?”

होता. भोकं पाडलेल्या बिस्किटाच्या डब्यात मीच तिला हातावरून उतरवलं. माझा हात होता म्हणून ती निमूट आत गेली. सकाळी बाबा ऑफिसला निघताना तो डबा पिशवीत घालून घेऊन गेले.

मग दर शनिवारी मी काड्यापेटीत झुरळं भरून बाबांकडे द्यायचे. अंधेरीला ऑफिस, पार्ले पुढचंच स्टेशन, अर्ध्या दिवसानंतर ते आत्याकडे चक्कर टाकायचे. काड्यापेटी न विसरता खिशात घालायचे आणि संध्याकाळी बातमी आणायचे. खाते व्यवस्थित. आत्याने खिडकीत ठेवलंय, ऊन लागत नाही. परवा आत्याच्या बोटाजवळ आली होती म्हणे. मी जेवता जेवता पुन्हा पुन्हा विचारायचे आणि ते पुन्हा पुन्हा सांगायचे, प्रत्येक वेळी थोडं नवीन घालून. आई ताटात बघत वाढत राहायची.

लग्न झालं. मुलाकडच्यांच्या कानावर जाईल म्हणून लग्नात आत्याजवळ पालीचा विषय काढायचा नाही, असं बाबांनी मला बजावलं होतं. पूजा झाली. पहिल्या सुट्टीला मी कापडी पिशवी घेऊन एकटी पार्ल्याला गेले. आत्याने दार उघडलं, मी थेट खिडकीपाशी गेले. खिडकीत कोथिंबिरीची कुंडी होती.

“पाल?” आत्या म्हणाली. “माझ्या घरात? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

घरी परतले तेव्हा ताई माहेरपणाला आलेली होती, सगळे चहा पीत होते. मी ओरडलेच. इतकी ओरडले की शेजारची बाई डोकावून गेली. “एवढ्याशा पालीपायी काय तमाशा हा!” आई म्हणाली. ताई हातातल्या हिरव्या बांगड्या फिरवत बसली. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. घरात एकटी मीच तेवढी काड्यापेट्या भरत होते. आईचं मला काही वाटलं नाही, ती पहिल्यापासून माझ्या विरुद्धच होती आणि तसं तोंडावर म्हणायची. पण बाबा?

बाबांनी कप खाली ठेवला. डबा घेऊन निघाले त्याच दिवशी सकाळी, स्टेशनला जायच्या आधी, ते डोंगराच्या बाजूला गेले होते. “मी तिला मारलं नाही गं,” ते म्हणाले. “एका मोठ्या दगडावर सोडली. पण ती माझ्या हातावरून उतरेचना. खाली ठेवली की परत मनगटावर. शेवटी हात झटकावा लागला. काय माणसाळवली होतीस तू तिला!” शेवटचं वाक्य ते कौतुकाने बोलले. त्यांना वाटलं, मला तेवढंच बरं वाटेल.

“मग? कुठे गेली ती?”

“कुठेच नाही. मी वळून बघितलं तर तिथेच बसली होती, माझ्याकडे तोंड करून.”

त्या दगडांवर सकाळी घारी, कावळे उतरतात. रानातली पाल माणसाची चाहूल लागताच फटीत शिरते, दिवसा तर दिसतसुद्धा नाही. ही उजेडात, उघड्यावर, न पळता बसून राहिली. ते तिला आम्ही दोघांनी मिळून शिकवलं होतं.