बायडाबाईच्या अंगणातून डावीकडे वळा

हडपसर ओलांडलं की तुमच्या मोबाईलमधली बाई म्हणायची, "पन्नास मीटरवर डावीकडे वळा." आणि तुम्ही वळायचात. ती डावीकडची बाजू म्हणजे रस्ता नव्हता, माझ्या आत्याचं अंगण होतं. तिथं गोवऱ्या वाळत असायच्या, म्हैस बांधलेली असायची आणि तुम्ही त्या म्हशीला हॉर्न मारायचात.

माझ्या आत्याचं नाव बायडाबाई. कुणावर लिहायचं म्हटलं की लोक देवमाणूस, मायेचा सागर असलं काहीतरी लिहितात. ते इथं मिळणार नाही. तिचं तोंड फटकळ आहे. कितीतरी वर्षं ती मेथीच्या जुड्या घेऊन मंडईत बसली. कुणी जुडी उलटीपालटी करत बसलं की म्हणायची, "लगीन जमवताय का तिचं? घ्या, नायतर ठेवा." मी दहावीत शाळा सोडली तेव्हा आमच्या घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. ती आली, सगळ्यांची रडारड ऐकून घेतली आणि मला म्हणाली, "कपडे भर. माझी म्हैस काय तुला मार्कं इचारणार नाय." तेव्हापासून मी तिच्याकडे आहे. तिच्याबद्दल वाईट बोलायचं असेल तर माझ्यासमोर बोलू नका.

आतोबा आधीच गेलेले. नंतर काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे नेले. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. ती म्हणाली, "मग फी कशाची?"

घरात तिचं अडत नाही. भिंतीला हात लावून फिरते. पण न्हाणी आणि संडास अंगणाच्या पार पलीकडच्या टोकाला. मध्ये सगळं मोकळं. आंधळं माणूस मोकळ्या जागेतच हरवतं, हे मला तिच्याकडे बघून कळलं. मग तिनं माझ्याकडून दोरी मागवली. नायलॉनची नको, सुताची, हाताला कळेल अशी. घराच्या दारापासून न्हाणीच्या खांबापर्यंत बांधून घेतली आणि तिला स्वतः गाठी मारल्या. एक गाठ आली की खाली दगड. दोन आल्या की म्हशीचा खुंटा. तीन आल्या की न्हाणीचं दार. या दोरीला नेटवर्क लागत नाही.

चांद्रयान उतरलं त्या संध्याकाळी आमच्याकडे टीव्ही चालू होता. आख्खी आळी टाळ्या वाजवत होती आणि हिचे प्रश्न चालू.

"तिथं वाट कुणी दाखवली गं त्याला?"

"कुणी नाही. आधीच्या यानानं वरून फोटो काढून ठेवलेले. आणि उतरताना खाली कॅमेरा लावून सपाट जागा बघितली त्यानं."

"म्हंजे आधी बघून घेतलं, मंग पाय टेकला?"

"हो."

"शाणी माणसं हायत."

पुढं काही दिवसांनी बातमी आली, रोव्हरला समोर खड्डा दिसला आणि त्याला मागे फिरवलं. त्यावर तर ती इतकी खूश झाली की शेजारणींना बोलावून सांगत होती.

आता अंगणाचं सांगते. आमच्या मागं ज्ञानदेवकाकांचं शेत. आत्याच्या सासऱ्यांनी त्यांना अंगणातून वाट दिलेली, बैलगाडी जाईल एवढी. कागद नाही, सही नाही. फक्त एक रीत होती. दरवर्षी पोळ्याला ज्ञानदेवकाका नारळ घेऊन दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "वहिनी, वाट मागायला आलोय." आत्या म्हणायची, "जावा." झालं. वर्षभराचं भागलं. गाव कॉर्पोरेशनमध्ये गेलं, बैल गेले, तरी काका स्कूटरवर नारळ घेऊन यायचे. मागून घेतलेली वाट आपली नसते, एवढी अक्कल त्या माणसाला होती.

ती अक्कल वारसाहक्कानं मिळत नाही. काका वारले आणि त्यांच्या मुलानं, इंद्रजीतनं, शेतात बिल्डिंग उठवली. तिला पुढच्या बाजूनं चांगला डांबरी रस्ता आहे, पण त्या रस्त्यानं सिग्नलला अडकून लांबून यावं लागतं. आमच्या अंगणातून झटक्यात हायवे. पोळ्याला आत्या नीट लुगडं नेसून दारात बसली. इंद्रजीत आला नाही. बोर्ड मात्र आला, हायवेला, हा एवढा. 'इंद्रप्रस्थ. हडपसर हाकेच्या अंतरावर.' आणि मॅपवर आमच्या अंगणातून एक पांढरी रेघ आली. तिचं नाव, इंद्रप्रस्थ रोड.

मग तुम्ही लोक सुरू झालात. आधी फ्लॅट बघायला येणारे, मग तिथं राहणारे, मग कात्रजला जाणारे, ज्यांचा आमच्या गावाशी काही संबंधच नाही. आत्याची दोरी त्यांना बरोबर आडवी यायची. सगळ्यांचं म्हणणं एकच, दोरी काढा, आणि नाही काढली की स्वतःच ती उचलून खालून गाडी काढायचे.

एक जण गाडीची काच अर्धीच खाली करून म्हणाला, "आजी, इथून रोड दाखवतोय."

"कोण दाखवतंय?"

"सॅटेलाइट. वरून दिसतं त्याला सगळं."

"त्याला म्हणावं खाली ये. मला वरचं दिसत नाय, खालचंबी दिसत नाय."

"अहो, ते चुकत नाही."

"चंद्रावरची गाडी खड्डा बघून माघारी फिरली. तिथं तर कुणी बाई आडवी नव्हती. तुला मी आडवी हाय, तरी कळंना व्हय?"

तो हसला आणि व्हिडिओ काढायला लागला. मी त्याच्या बॉनेटवर शेणाचा गोळा ठेवला. तोही व्हिडिओत आला असेल.

मी मॅपवर 'रस्ता बंद आहे' असं टाकलं. माझ्यासोबत पार्सल पोचवणाऱ्या पोरापोरींनाही टाकायला लावलं. रेघ जायची आणि परत यायची. गाड्या जात राहिल्या की मॅपला वाटतं रस्ता चालू आहे, आणि मॅपवर दिसतो म्हणून गाड्या जातात. कुणाच्या बापाला थांबवता येईना.

आणि मग एका दुपारी आत्या संडासला गेलेली असताना कुणीतरी दोरी कापली. मी पार्सल द्यायला बाहेर होते. ती बाहेर आली, खांबाला हात लावला, तर दोरीचं नुसतं शेपूट हातात आलं. तिनं हाका मारल्या. गाड्यांच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? ती अंदाजानं निघाली. एकानं एवढ्या जवळून हॉर्न मारला की ती दचकून मागं सरकली आणि खुंट्यावर पडली. मनगट मोडलं. गाडी थांबली नाही. मी आले तेव्हा ती म्हशीच्या पायाशी बसलेली. रडत नव्हती. म्हणाली, "मला माझ्याच अंगणात घर घावंना गं."

तिच्या हाताला प्लास्टर घालून आणलं आणि हे वाक्य डोक्यात घेऊन मी इंद्रजीतकडे गेले. तो एसी ऑफिसात गिऱ्हाइकाला चहा पाजत होता.

"दोरी कुणी कापली?"

"ऋतुजा, आवाज खाली. मला काय माहीत? रोजच्या एवढ्या गाड्या जातात."

"त्या का जातात?"

"मॅप पाठवतो. सॅटेलाइटनं काढलाय तो रस्ता, मी थोडाच काढलाय?"

"आणि सॅटेलाइटला तुझ्या बिल्डिंगचं नाव कुणी सांगितलं? आभाळात बोर्ड लावलायस का?"

गिऱ्हाईक फस्कन हसलं. इंद्रजीतचा चेहरा पडला. म्हणाला, "काकूंना रेलिंग लावून देतो. स्टीलचं. रस्त्याच्या कडेनं."

"रस्त्याच्या?"

"हो, म्हणजे... अंगणाच्या."

मी त्याचा चहा त्याच्याच ब्रोशरवर ओतला आणि आले.

दुसऱ्या दिवशी आत्यानं अंगणाच्या मधोमध बाज टाकायला लावली आणि प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून बसली. गाड्यांची रांग लागली. इंद्रजीतनं पोलीस बोलावला. हवालदार आले, मोबाईल काढला, मान हलवली.

"आजी, मॅपवर रस्ता दिसतोय. असं अडवता येत नाही."

"तुमी बघताय का मॅप?"

"हो."

"मग माझं घर बघा की."

हवालदारांनी बोटानं स्क्रीन मोठा केला, लहान केला. "घर... नाही दाखवत इथं. नुसतीच राखाडी जागा आहे."

"म्हशीचा गोठा?"

"नाही."

"न्हाणी?"

"नाही, आजी."

"मंग मी नायच की हितं. जी बाई नाय ती आडवतीय कशी? जावा, लिहून घ्या, वाऱ्यानं रस्ता आडवला."

हवालदार गालातल्या गालात हसले. मी सातबारा आणून दाखवला, आत्याच्या नावाचा. त्यांनी तो वाचला, इंद्रजीतला बाजूला घेतलं आणि "तुमचा पुढचा रस्ता वापरा ना साहेब" एवढं बोलून निघून गेले. पण ते गेले की गाड्या परत आल्या. बाजेवर किती दिवस बसणार? तिला ऊन लागतं, हात ठणकतो, आणि मुख्य म्हणजे संडासला जायला उठली की मागून गाडी घुसते.

त्या संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "मी न्हाणीपातूर कशाला जायचं? न्हाणीनं यावं की हिकडं."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा घास हातातच राहिला.

हडपसरहून गवंडी आणला. त्याला जागा दाखवली तर तो म्हणाला, "ताई, हे तर रस्त्यात येतंय." आत्या आतून ओरडली, "कुठल्या रस्त्यात?" त्यानं निमूट पाया खणला. घराच्या दारासमोर, बरोबर त्या पांढऱ्या रेघेवर, संडास आणि न्हाणी. विटांच्या भिंती, वर पत्रा. दारापासून चार पावलं. दोरीसुद्धा लागत नाही, तेवढं चालून हात लांब केला की भिंत लागते.

मॅप काही दिवस गाड्या पाठवत राहिला. गाड्या यायच्या, न्हाणीसमोर थांबायच्या, आणि आतून पाण्याचा आवाज आला की ड्रायव्हर लाजून रिव्हर्स घ्यायचा. बाजेवरच्या बाईला हॉर्न मारणारे न्हाणीतल्या बाईला मारत नाहीत. एवढीच लाज शिल्लक आहे लोकांना, आणि आत्यानं ती बरोबर हेरली.

इंद्रजीत येणारच होता. कॉर्पोरेशनची धमकी घेऊन आला. "काकू, हे बेकायदा आहे! पाडायला लावीन! बाहेर या, बोलायचंय!"

आतून तांब्या बादलीत बुडवल्याचा आवाज आला.

"अंगाला साबण हाय," आत्या म्हणाली. "थांब तिथंच. आन् पाठ कर हिकडं, हरामखोरा."

तो थांबला. पाठ करून, भर उन्हात. मी त्याला सावलीत यायला सांगितलं नाही. आत्याची आंघोळ त्या दिवशी दुपारपर्यंत चालली.